कोऱ्या चौकटीतला माणूस

त्या शुक्रवारी सकाळी आमच्या मजल्यावर मी धरून तीन माणसं होती. बाकी सगळे बर्फावर. आठ वर्षांनी तलाव गोठले होते, आणि आमच्या उत्तरेकडे तलाव गोठले की माणसं धडाधड आजारी पडतात. बुधवारी अख्ख्या क्ष-किरण विभागाला सर्दी झाली. गुरुवारी आमच्या साहेबांची पाठ धरली. त्या पाठीचा फोटो संध्याकाळी त्यांच्याच पुतणीनं सगळ्यांना पाठवला. पाठ मस्त वाकलेली होती आणि पायांत स्केट्स होते.

मीही गेले असते. माझे स्केट्स बुधवारपासून सायकलच्या पिशवीत पडून होते. पण संध्याकाळी पाचला आमच्या नोंदी बंद व्हायच्या होत्या, आणि बारापैकी एक चौकट अजून कोरी होती.

मी हिस्के, वय त्रेपन्न. ख्रोनिंगेन शहरातल्या एका इस्पितळात रुग्णांच्या नोंदी ठेवते. ज्यांना जनुक-उपचार मिळाला त्यांचं पुढे काय झालं, हे पंधरा वर्षं लिहीत राहायचं, असं माझं काम. ऐकणाऱ्याला जांभई येते, मला ठाऊक आहे. माझे बारा जण हिमोफिलियाचे. रक्त गोठवणारा एक घटक त्यांच्या शरीरात जन्मापासून बनत नाही. लोकांना वाटतं अशा माणसाला खरचटलं की संपलं. खरा छळ वेगळाच असतो. काही न होता घोट्यात, गुडघ्यात आतल्या आत रक्त उतरतं आणि सांधे सडतात. आठवड्याला सुया टोचून घेत जगायचं. या उपचारात एकदाच, दोन-तीन तासांत, यकृताला नवं जनुक पोचवतात आणि यकृत तो घटक स्वतः बनवू लागतं. किती वर्षं बनवतं? हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझ्या चौकटी.

दोन आठवड्यांपूर्वी विमा समितीकडून आमच्याच नोंदींचा कच्चा अहवाल आला. पाचवं वर्ष, बारा रुग्ण, माहिती उपलब्ध: शून्य. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे बारा जण ठणठणीत आहेत, याची मला खात्री होती! मग मी त्यांच्या रोजनिशा उघडल्या. सगळ्या कोऱ्या.

आणि चूक कुणाची? आमचीच. चाळीस वर्षं आमच्या परिचारिकांनी या लोकांच्या डोक्यात भरवलं: रक्त उतरलं की लिही, नाही उतरलं तर कागद वाया घालवू नकोस. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. आता माणसं बरी झाली, वर्षभर काही झालंच नाही, म्हणून त्यांनी शिकवल्याप्रमाणे काहीच लिहिलं नाही. आणि नवी संगणक-प्रणाली कोऱ्या चौकटीचा अर्थ लावते "कळलं नाही". जो जितका बरा, तो आमच्या नोंदीत तितका बेपत्ता.

बाराच्या बारा पूर्ण असतील तरच समिती अहवाल उघडणार होती. नाही तर महिनाअखेर उपचार नव्या रुग्णांना बंद. रांगेत आठ जण उभे होते. त्यातला एक माझा धाकटा भाऊ, त्येर्ड.

हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी नियम घालून दिला. रुग्णाला प्रश्न विचारायचे आणि रक्त काढायचं ते डाउत्सननं, आमच्या परिचारिकेनं. मी फक्त टंकायचं. आणि भावाचं नाव कुठल्याही रुग्णापुढे काढायचं नाही, कारण माणसानं माहिती द्यायची ती राजीखुशीनं, कुणाची दया येऊन नाही. नियम बरोबर होता. जाचत होता, तरी बरोबर होता.

डाउत्सननं आणि मी दोन आठवड्यांत अकरा जण गाठले. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: "अहो पण काही झालंच नाही, तर लिहू काय?" प्रत्येकाचं रक्त तपासलं, अकरा शून्यं भरली. बारावा सिब्रन पोस्त्मा. वय शेहेचाळीस, नावा बांधतो. दोन वर्षं आमच्या कुठल्याच पत्राला उत्तर नाही. फोनही कुणी उचलत नव्हतं.

शुक्रवारी अकराला त्याच्या बायकोनं फोन उचलला.

"सिब्रन? तो कसला घरात! बुधवारपासून बर्फावर आहे. आज तर औडेझेइलची साठ किलोमीटरची फेरी."

"फोन आहे का हो त्यांच्याजवळ?"

"माझ्यासमोर टेबलावर आहे. थंडीत बॅटरी मरते म्हणाला. तुम्हाला टाळायचं असेल म्हणा."

"बरे आहेत ना ते?"

"घोड्यासारखा आहे. मीच दमलेय."

फोन ठेवला. समोर पडद्यावर बाराव्या रांगेत ती चौकट. घोड्यासारखा आहे, बायकोनं सांगितलं. शून्याच्या बटणावर माझं बोट गेलं, खोटं कशाला बोलू. बघायला कुणी नव्हतं. पण एक शून्य मी मनानं भरलं, तर उरलेल्या अकरा खऱ्या शून्यांवर कुणी का विश्वास ठेवावा? मी बोट उचललं आणि डाउत्सनला हाक मारली.

"नळ्या घे, सुया घे, थंड पेटी घे. आपण तलावावर जातोय."

"कशानं जाणार? मी सायकलवर आलेय."

"मीही. इस्पितळाची गाडी?"

"ती कालच आजारी पडलीय," डाउत्सन म्हणाली. "साहेबांबरोबर."

गाडी असलेला आणि शुक्रवारी दुपारी मोकळा असलेला एकच माणूस मला माहीत होता. त्येर्ड ड्रायव्हिंग शिकवतो. सगळे शिष्य बर्फावर गेल्यामुळे तो घरी बसून वैतागला होता. साडेबाराला छतावर शिकाऊचा L मिरवत त्याची गाडी दारात हजर झाली.

"कुणाला शोधायचंय?" त्यानं विचारलं.

"ते तुला सांगता येत नाही."

"का शोधायचंय?"

"तेही नाही. आणि गाडीतून उतरायचं नाही. आज तू ड्रायव्हर आहेस."

"बरं बाईसाहेब," तो म्हणाला. "पट्टे बांधा. मागच्या बाईंनी आरशात बघून नाक पुसायचं बंद करा, मला मागचा रस्ता दिसत नाही."

तो मूर्ख नाही. आज पाचला काय बंद होतं, हे त्याला पाठ होतं. पण वाटेत तो फक्त पुढच्या प्रत्येक गाडीला शिव्या घालत राहिला. शिकाऊच्या गाडीला मागून कुणी भोंगा वाजवत नाही, याचा त्यानं पुरेपूर फायदा घेतला.

औडेझेइलच्या तलावाकाठी पोचायला पावणेदोन वाजले. सगळा जिल्हा तिथे लोटला होता. गाड्या, लहान मुलं, कुत्री, वाटाण्याच्या सूपचा वास, आणि मधून मधून बर्फ खालून घुमायचा, असा की अंगभर जाणवावं. मला लहानपणापासून त्या आवाजानं वेड लागतं. त्येर्डनं काच वर केली. तो बर्फाकडे पाहतच नाही. आमची आई मला स्केट्स बांधून द्यायची आणि त्याला मांडीवर घट्ट धरून बसायची.

बर्फ-मंडळाच्या तंबूत यिक्केबाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, अंगावर तीन स्वेटर, पुढ्यात याद्या.

"सिब्रन पोस्त्मा आत्ता कुठे असेल, सांगाल का?"

बाईंनी चष्म्यावरून मला नखशिखांत न्याहाळलं. "काय काम आहे, पोरी?"

पंचाईत तिथेच होती. तो आमचा रुग्ण आहे, हे मी जगात कुणाला सांगू शकत नाही. "जरा खासगी आहे."

"खासगी," यिक्केबाई शेजारणीला म्हणाल्या. "ऐकलंस गं? खासगी आहे म्हणे."

"बाई, मला खरंच वेळ नाही."

"लग्न झालंय त्याचं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. त्याच्या बायकोनंच मला इकडे पाठवलं."

यिक्केबाईंनी लेखणी खाली ठेवली. "बायकोनं! कठीण आहे बाई हल्लीचं सगळं." पण यादी मात्र त्यांनी पुढे ओढली. "दोनशे चौदा नंबर. नऊ पन्नासला सुटला. पहिलं ठाणं अकरा वीस. दुसरं ठाणं एक पाच. तिसरं पवनचक्कीपाशी, तिथे अजून पोचलेला नाही."

मी यादीकडे बघतच राहिले. दोन वर्षं मी या माणसाच्या नावापुढे "संपर्क तुटला" लिहीत होते, आणि इथे तो मिनिटामिनिटाला नोंदलेला.

"एवढं सगळं लिहिता तुम्ही?"

"न लिहून चालेल कसं? अंधार पडायच्या आत प्रत्येक नंबर परत आला पाहिजे. नाही आला तर मी इथून हलत नाही. मागे एकदा एक जण राहिला होता. आम्ही पहाटेपर्यंत टॉर्च घेऊन तलावावर, आणि हा बाबा मेव्हण्याकडे पत्ते खेळत बसलेला. जगू दे की मरू दे, आधी मला येऊन सांग, एवढंच म्हणणं असतं माझं."

त्यांना मिठी मारावीशी वाटली मला. माझ्या खात्याचं ब्रीदवाक्य त्यांनी एका दमात सांगून टाकलं होतं.

पवनचक्कीला गाडीनं जायचं तर बंधाऱ्यावरून बावीस किलोमीटर, आणि बंधाऱ्यावर गाड्यांची रांग. तलावावरून सरळ नऊ.

"तुम्ही गाडीनं या," मी म्हटलं आणि स्केट्स बांधायला बसले.

"समोरून वारा आहे, हिस्के," त्येर्ड खिडकीतून ओरडला. "त्रेपन्नची आहेस, तेवीसची नाहीस."

"तू आरसे बघ आपले!"

मी सुटले. पहिला किलोमीटर दम लागला, दुसऱ्याला मांड्या पेटल्या, तिसऱ्यापासून सगळं विसरले. काळा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ! वारा तोंडावर येत होता, डोळ्यांतून पाणी गालावर येऊन गोठत होतं, आणि मी वाकून, हात पाठीवर बांधून, माणसामागून माणूस मागे टाकत होते. पाचला सगळं बुडणार असेल किंवा तरणार असेल, पण त्या पाऊण तासात मला इतका आनंद झाला की लाज वाटावी.

पवनचक्कीजवळ पुलाखाली बर्फ पातळ असतो. तिथे काठावर जुने गालिचे अंथरतात आणि सगळे स्केट्ससकट बदकासारखे त्यावरून चालत पलीकडे जातात. नंबर वाचायला याहून चांगली जागा नाही. मी गालिच्याच्या टोकाला उभी राहिले. एकशे अठ्ठ्याण्णव. तीनशे पाच. त्र्याऐंशी. मला त्याचा चेहरा माहीत नव्हता. त्याच्या यकृताचे जुने आकडे माहीत होते, वजन माहीत होतं, डाव्या घोट्याचे फोटो माहीत होते. तीनला दोन मिनिटं कमी असताना दोनशे चौदा आला. लाल टोपी, दाढीला बर्फ, लहान मुलासारखा हसत, दोन्ही हात पसरून तोल सावरत.

"पोस्त्मा?"

"हो?"

मी अगदी जवळ गेले. "मी हिस्के. इस्पितळातून."

त्याचं हसू झटकन गेलं. "काय झालं? माझ्या रक्तात काही निघालं?"

"काही नाही निघालं. तुमचं काही निघतच नाही, हाच त्रास आहे. पाच पत्रं पाठवली तुम्हाला."

"पोचली. खिळ्यांच्या डब्यात आहेत."

मी त्याला सगळं सांगितलं. चौकट, पाचची वेळ, एक प्रश्न, दोन नळ्या रक्त. समिती काय ठरवणार तेही सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बघा बाई, एक्केचाळीस वर्षं मी तुमचाच होतो. सहल नाही, फुटबॉल नाही, बर्फ नाही. लग्नाच्या दिवशी कुबड्या. मग ते संपलं. आता तुमचं पाकीट दिसलं की मी परत पेशंट होतो. आज मी दोनशे चौदा आहे. मला तेवढंच राहू द्या."

राग आला मला. चांगलाच आला. स्वतः वर चढलास आणि शिडी ओढून घेतोस होय रे, हे वाक्य जिभेच्या टोकावर होतं. गाडीत माझा भाऊ बसलाय, हे त्याच्याही पुढे. मी दोन्ही गिळली.

"नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे," मी म्हटलं. "विचारायचा मला आहे."

"विचारलंत. नाही. सूप पितो आणि जातो."

तो टपरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी गालिच्यावर उभी. त्याचं सूप आलं, त्यानं राईच्या पावाचा तुकडा बुडवला, आणि मी अर्धा तास तिथे त्याच्या जबड्याकडे बघत होते. एवढी असहाय मी आयुष्यात कधी नव्हते. मग बंधाऱ्यावर छतावरचा L दिसला. डाउत्सन थंड पेटी छातीशी धरून उतारावरून बसल्या बसल्याच घसरत खाली आली.

"सापडला?"

"सापडला. नाही म्हणाला."

"मी विचारते. संगणकाची बॅग कुठाय?"

"तुझ्याकडे नाही?"

"मला वाटलं तुझ्याकडे!"

"बॅग!" मी वर बघून किंचाळले, आणि किंचाळल्यावर मला कळलं मी काय केलं.

त्येर्ड गाडीतून उतरला. बॅग खांद्यावर घेतली आणि बंधाऱ्याच्या पायऱ्या उतरू लागला. त्याचे घोटे वळत नाहीत. पायऱ्या तो तिरका होऊन उतरतो. डावा पाय खाली, मग उजवा त्याच्याशेजारी, मग थांबायचं. पायऱ्यांवर हिम होतं. पुन्हा डावा, पुन्हा उजवा, पुन्हा थांबला.

सिब्रननं कप तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला.

"तो कोण?"

"आमचा ड्रायव्हर," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

सिब्रननं कप ठेवला आणि स्केट्सवर खटखटत गालिच्यावरून पायऱ्यांशी गेला. "आठ की नऊ?" तो खालून ओरडला.

दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. रक्त गोठवणारे घटक क्रमांकानं ओळखतात, आणि आमच्या लोकांत हा प्रश्न नाव विचारण्याआधी येतो. त्येर्ड मधल्या पायरीवर थांबला.

"नऊ."

"मीही. घोटा कुठला?"

"दोन्ही. उजवा जास्त."

"माझा डावा. थांब तिथेच, पुढची पायरी घसरते." आणि तो स्केट्ससकट, कठडा धरून, चार पायऱ्या वर चढला. त्यानं बॅग घेतली आणि खांदा पुढे केला. माझा भाऊ कुणाचा आधार घेत नाही, माझाही नाही. त्याचा घेतला.

"नंबर लागला का तुझा?" उतरता उतरता सिब्रननं विचारलं.

"लागेल. उपचार चालू राहिला तर."

"आणि तो अडलाय कुठे?"

त्येर्डनं माझ्याकडे पाहिलं. "ते ड्रायव्हरला माहीत नसतं. ड्रायव्हरला गाडीत बसायला सांगितलं होतं."

सिब्रननं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "नाक एकच आहे तुमचं," तो म्हणाला. मी बर्फाकडे बघत राहिले. "आणि ही बाई मघापासून भावाबद्दल चकार शब्द काढत नाही! काय माणसं आहात तुम्ही!"

तो बाकावर बसला आणि जाकिटाची चेन ओढली. "कुठला हात?"

"आधी सांगा," डाउत्सन हातमोजे चढवत म्हणाली, "हे तुम्ही कुणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या इच्छेनं—"

"टोच गं बाई, कुडकुडतोय मी."

"आधी हो म्हणा."

"हो! हो! हो! तीनदा म्हटलं, वरचे दोन त्या दोन नळ्यांसाठी."

थंडीनं शिरा आत गेल्या होत्या. टपरीवाल्यानं सूपचं झाकण काढून हात वाफेवर धरू दिला, काय चाललंय हे एकदाही न विचारता. चार वाजायला पाच मिनिटं असताना डाउत्सननं सुई घातली. पहिली नळी भरली. दुसरी भरली. तिनं कापसाचा बोळा ठेवला. सिब्रननं तो उचलून फेकला आणि बाही खाली ओढायला लागला.

"दाब!" त्येर्ड ओरडला. "अरे दाबून धर!" आणि त्यानं झेप घेऊन सिब्रनच्या कोपरात आपला अंगठा रोवला. चाळीस वर्षांची सवय. सुई निघाली की दाबायचं.

सिब्रन हलला नाही. "किती वेळ धरतोस तू?"

"पंधरा मिनिटं. कधी वीस."

"काढ अंगठा."

"नको."

"काढ म्हणतोय ना."

त्येर्डनं अंगठा उचलला. सुईएवढा लाल ठिपका होता, कोरडा. त्येर्ड खाली वाकला, बघत राहिला. ठिपका तसाच. त्यानं बोटानं हळूच बाजूची कातडी ताणून पाहिली, तरी तसाच.

"गेल्या बारा महिन्यांत किती वेळा रक्त उतरलं?" डाउत्सननं विचारलं.

"एकदाही नाही."

"आज पडलात का?"

"तीनदा. चाळिशीनंतर शिकलोय, तेही कृत्रिम बर्फावर, पडणारच. दुसऱ्या ठाण्याआधी गुडघ्यावर आपटलो."

मी तोंड उघडलं. डाउत्सननं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि त्याची विजार वर सरकवली. गुडघ्यावर मोठा निळा डाग होता. तिनं दोन्ही गुडघे चाचपले, वाकवले, फीत लावून मोजले. त्येर्डनं माझा हात धरला होता की मी त्याचा, आता आठवत नाही.

"सूज नाही," डाउत्सन म्हणाली. "ऊब नाही. पूर्ण वाकतो. मुका मार आहे, माझ्या नातवाला होतो तसा. रक्तस्राव नाही. लिही, हिस्के. पडल्याचंही लिही, गुडघ्याचंही लिही, सगळं लिही."

चार एकोणीस. संगणकाची बॅटरी थंडीनं नऊ टक्क्यांवर आलेली. माझा फोन मेलेला. त्येर्डनं आपला फोन बगलेतून काढला, गरम होता, त्याच्या जोरावर इंटरनेट मिळालं. बोटं वाकत नव्हती. मी रक्त काढल्याची वेळ भरली (तपासणीचा निकाल मागाहून चालणार होता), पडण्याची नोंद भरली, गुडघ्याची मापं भरली, आणि सगळ्यात शेवटी त्या चौकटीत शून्य टाकलं. बटण दाबलं. चकती फिरत राहिली. बॅटरी सात. चकती फिरत राहिली. मग पाटी आली: बारापैकी बारा पूर्ण.

मी अशी ओरडले की टपरीवाल्याचा डाव सूपमध्ये पडला. डाउत्सन मला, मी त्येर्डला, त्येर्ड सिब्रनला, सगळ्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. रांगेतल्या लोकांना वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं. सिब्रन मात्र डोळे पुसत उठला. "अंधाराआधी पोचलो नाही तर यिक्केबाई माझा जीव घेतील," तो म्हणाला आणि निघून गेला.

पाच आठवडे काही कळलं नाही. मग समितीनं उपचार आणखी तीन वर्षं चालू ठेवला. त्येर्डच्या तपासण्या झाल्या, त्याची नोंद दुसऱ्या शहरातल्या एका बाईंकडे दिली, आणि मला त्यातलं काही बघता येत नाही. म्हणून मे महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा मला खरंच काही ठाऊक नव्हतं.

"पत्र आलंय," तो म्हणाला. "वाचू?"

"वाच."

"तेविसावा आठवडा. मंगळवार, सकाळी आठ. नाश्ता करून आलात तरी चालेल. गाडी स्वतः चालवून येऊ नये."

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. मंगळवारपाशी त्याचा आवाज फुटला. माझा जोकर भाऊ, ज्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचतं, तो फोनवर हुंदके देऊन रडायला लागला, आणि मी ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, त्याच्याहून मोठ्यानं रडले.

"अगं पण गाडी कोण चालवणार?" शेवटी तो म्हणाला. "तुला तर येत नाही."

"मग शिकव," मी म्हटलं. "तीन आठवडे आहेत."